जस्त किती झालं की जास्त? – दूध तुटलेल्या पिल्लांच्या पोटाचा पाठ



पोषण, सूक्ष्मजीव आणि धातूंची संयुगे हे तीन विषय आपण वर्षभरात वेगवेगळ्या महिन्यांत शिकवतो. मुलंही ते वेगवेगळ्या वह्यांत लिहून ठेवतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्यांना वाटत नाही. आजचा पाठ हे तिन्ही एका ठिकाणी आणतो. ते ठिकाण म्हणजे डेन्मार्कमधल्या डुकराच्या पिल्लाचं पोट.

डुक्कर म्हटलं की वर्ग हसणार. हसू द्या, दोन मिनिटांत थांबतात. फक्त एक काळजी घ्या. आपल्या वर्गात वराहपालन करणाऱ्या घरातलं मूल असू शकतं. त्याला मान खाली घालावी लागेल असा शेरा कुणाच्या तोंडून येऊ देऊ नका. उलट, त्याला बोलतं केलंत तर हा पाठ तुमच्याआमच्यापेक्षा तेच चांगला शिकवेल.

हा विषय निवडण्याचं कारण आपल्या घराशीही जोडलेलं आहे. बाळाला जुलाब झाले की आशाताई ओआरएसच्या पुड्यांबरोबर झिंकच्या गोळ्या देतात. झिंक म्हणजेच आपलं जस्त. या गोळ्यांबद्दल दोन टोकाची वाक्यं कानावर येतात. एक म्हणजे, "झिंक चांगलं असतं, थोडं जास्त दिलं तर काय बिघडतं?" आणि दुसरं, "युरोपात जनावरांना द्यायलासुद्धा बंदी आहे म्हणे, मग आपल्या लेकरांना कशाला?" दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. ती का चुकीची, हे पिल्लांच्या गोष्टीतून फार स्वच्छ समजतं.

दूध तुटतं म्हणजे नेमकं काय होतं?

डुकरीण पिल्लांना साधारण तासातासाने पाजते. ती विशिष्ट आवाजात हुंकारते, पिल्लं आपापल्या ठरलेल्या सडाला लागतात, आणि पान्हा सुटतो तो जेमतेम पंधरा-वीस सेकंद. मोकळ्या रानात वाढणाऱ्या डुकरांमध्ये हे दूध हळूहळू कमी होत जातं. पिल्लू माती उकरतं, मुळं चघळतं, आईचं खाणं बघून खातं आणि पूर्ण दूध सुटायला तीन-चार महिने लागतात.

मोठ्या व्यावसायिक गोठ्यात एवढा वेळ कुणाकडे नसतो. डेन्मार्कमध्ये माणसांच्या दुपटीच्या आसपास डुकरं आहेत आणि एकेका डुकरिणीपासून वर्षाला तीसहून जास्त पिल्लं वाढवली जातात. ती लवकर पुन्हा गाभण राहावी म्हणून पिल्लांचं दूध तीन-चार आठवड्यांतच तोडतात. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ही मुदत किमान २८ दिवस आहे. पिल्लांना वेगळ्या, धुऊन निर्जंतुक केलेल्या जागेत हलवत असतील तर २१ दिवसही चालतात.

आता त्या दिवशी पिल्लावर काय काय कोसळतं ते मुलांना मोजायला सांगा. आई जाते. दूध जातं. जागा बदलते. अनोळखी पिल्लांबरोबर एका खणात राहावं लागतं, मग मारामाऱ्या. आणि पुढ्यात येतो तो कोरडा खुराक : गहू, बार्ली, सोयाबीनची पेंड. काही पिल्लं पहिले चोवीस तास तोंडच लावत नाहीत, थोडी तर अठ्ठेचाळीस तास उपाशी राहतात. मग भूक अनावर झाली की एकदम भरपूर खातात.

या सगळ्याचा मार बसतो आतड्यावर. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखी बारीक लव असते, तिला व्हिलाय म्हणतात. अन्न शोषून घ्यायचं काम तिचं. ही लव पोटात येणाऱ्या अन्नावरच जगते. उपास घडला की एक-दोन दिवसांतच ती आखूड होते. वर्गात दाखवायचं असेल तर घरून एक नवा टर्किश टॉवेल आणि एक झिजून गुळगुळीत झालेला टॉवेल आणा. दोन सारखे तुकडे घ्या, दोन ताटल्यांत सारखं पाणी ओता, तुकडे बुडवून उचला आणि ताटलीत उरलेलं पाणी मोजा. पाचवीच्या मुलालासुद्धा पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

लव आखूड म्हणजे अन्न नीट शोषलं जात नाही. न पचलेली सोयाबीनची प्रथिनं पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या जीवाणूंना आयती मेजवानी मिळते. दुधात लॅक्टोज असतं, त्यापासून चांगले जीवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पिल्लाचं जठर आंबट राहतं. दूध गेलं की तो आंबटपणाही उतरतो. चिकापासून पुढे रोजच्या दुधातून येणारी आईची प्रतिपिंडं आतड्याच्या भिंतीला सारवण घातल्यासारखी असतात. तीही बंद होतात आणि पिल्लाची स्वतःची अजून पुरेशी तयार झालेली नसतात.

अशा उघड्या दारातून शिरतो तो ई. कोलाय. सगळे ई. कोलाय वाईट नसतात, हे मुलांना आवर्जून सांगा. आपल्या पोटातही ते गुण्यागोविंदाने राहतात. पण काहींच्या अंगावर एफ४ किंवा एफ१८ नावाचे केसासारखे धागे असतात. पावसाळ्यानंतर रानातून चालताना विजारीला कुसळं चिकटतात ना, तसे हे आतड्याच्या भिंतीला चिकटतात. मग विष सोडतात. त्या विषामुळे पेशी क्षार आतड्यात ओततात, क्षारामागे पाणी येतं आणि पिल्लू अक्षरशः वाळत जातं. पटकीत माणसाचं होतं तसंच हे. यातलं एक विष पटकीच्या विषाचं सख्खं भावंड म्हणावं इतकं सारखं आहे.

जस्ताची एन्ट्री

थोडं मागे जाऊ. जस्त म्हटलं की आपल्याला पत्र्यावरचा मुलामा आठवतो. सजीवांना ते लागतं हे कळायला मात्र खूप वेळ लागला. १८६९ मध्ये रौलँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका काळ्या बुरशीला जस्त लागतं असं दाखवलं. उंदरांना लागतं हे १९३४ मध्ये कळलं. डुकरांची पाळी आली १९५५ मध्ये. अमेरिकेतल्या अलाबामात टकर आणि सॅमन यांनी दाखवलं, की डुकरांच्या कातडीवर जाड खपल्या धरणारा एक रोग जस्त दिल्यावर बरा होतो. आणि माणसाला? १९६१ मध्ये इराणातल्या शिराझ इथे काम करणाऱ्या डॉ. आनंद प्रसाद यांनी, वाढ खुंटलेल्या तरुणांमध्ये जस्ताची कमतरता असावी असं मांडलं. हे डॉक्टर मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. बुरशी, उंदीर, डुक्कर आणि मग माणूस, असा हा क्रम आहे. फळ्यावर काळरेषा काढायला छान.

इराणातल्या त्या तरुणांचं मुख्य अन्न होतं बिनखमिराची गव्हाची रोटी. धान्यात आणि कडधान्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो जस्ताला धरून ठेवतो आणि शोषू देत नाही. डुकरांच्या सोयाबीन पेंडीतही तीच अडचण, म्हणून हल्ली खुराकात फायटेट तोडणारं विकर मिसळतात. आपल्या आज्या मटकीला मोड आणतात, पीठ आंबवतात, त्यात हेच काम होतं. आजीला फायटेट माहीत नसेल, पण मोड आलेली मटकी पोटाला बरी हे माहीत असतं.

तर पिल्लाची गरज किती? एक किलो खुराकात साधारण १०० मिलीग्रॅम जस्त असलं की पुरतं. मिलीग्रॅम दर किलो म्हणजेच दहा लाखांत एक भाग, यालाच पीपीएम म्हणतात. ही गरज म्हणजे पोषण.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये हान्ने दामगोर पॉल्सन यांनी एक वेगळीच गोष्ट दाखवली. दूध तुटल्यावरचे दोन आठवडे खुराकात झिंक ऑक्साइड घालून जस्ताचं प्रमाण २५०० पीपीएमपर्यंत नेलं, तर पिल्लांची हगवण बरीच कमी होते. गरजेच्या पंचवीस पट! हे आता पोषण राहिलं नाही, हे औषध झालं. युरोपात ते पुढे तसंच वापरलं गेलं : पशुवैद्याच्या चिठ्ठीवर, फक्त चौदा दिवस. चौदाच का? कारण तीन-चार आठवड्यांच्या पुढे तेच जस्त पिल्लाला बाधतं, वाढ मंदावते.

ते काम कसं करतं, याचं एकच एक उत्तर नाही. आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट होतात, जीवाणू कमी चिकटतात, पोटातल्या जीवाणूंची वस्तीच बदलते, असे बरेच धागे आहेत. गंमत म्हणजे त्या वस्तीत चांगल्या लॅक्टोबॅसिलसचीही संख्या घटते, तरीही पिल्लू सुधारतं.

आठवी-नववीसाठी इथे दोन गणितं आहेत. झिंक ऑक्साइडमध्ये जस्त किती? जस्ताचा अणुभार ६५.४, ऑक्सिजनचा १६, मिळून ८१.४. म्हणजे जवळजवळ ८० टक्के जस्त. मग २५०० मिलीग्रॅम जस्तासाठी झिंक ऑक्साइड किती घ्यावं लागेल? उत्तर सुमारे ३११० मिलीग्रॅम येतं. दुसरं गणित पुढच्या भागासाठी लागेल : एक पिल्लू रोज सरासरी २५० ग्रॅम खुराक खातं असं धरू. चौदा दिवसांत साडेतीन किलो. त्यातून पोटात गेलेलं जस्त ८.७५ ग्रॅम.

मग बंद का केलं?

पावणेनऊ ग्रॅम म्हणजे चमचाभरही नाही, असं मुलं म्हणतील. म्हणू द्या. मग विचारा, दहा लाख पिल्लांचं किती? ८७५० किलो. आणि डेन्मार्कमध्ये वर्षाला सुमारे तीन कोटी पिल्लं होतात. पुढचा गुणाकार त्यांनाच करू द्या.

यातलं बहुतेक जस्त पिल्लाच्या अंगी लागत नाही. ते शेणामुताबरोबर बाहेर पडतं, टाकीत साठतं आणि खत म्हणून शेतात जातं. प्रतिजैविकाचा रेणू कधी ना कधी तुटतो. जस्त हे मूलद्रव्य आहे, ते तुटणार कशात? दरवर्षी थोडं थोडं जमिनीत साठत राहतं आणि तिथून पाण्यात उतरतं. मूलद्रव्य नष्ट होत नाही हे वाक्य मुलं पाठ करून पेपरात लिहितात, त्याचा अर्थ इथे शेतात पडलेला दिसतो.

दुसरं कारण जास्त चिंतेचं आहे. त्वचेवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जीवाणू आहे. त्याचा मेथिसिलिनसारख्या प्रतिजैविकांना दाद न देणारा प्रकार म्हणजे एमआरएसए. डुकरांमध्ये त्याची एक जात, सीसी३९८, फार पसरली आणि गोठ्यात काम करणाऱ्या माणसांच्या नाकातही सापडू लागली. डॅनिश संशोधकांना २०१० च्या सुमारास या जातीत सीझेडआरसी नावाचं जनुक सापडलं. ते जीवाणूला जस्तापासून वाचवतं. आणि ते बसलेलं कुठे? मेथिसिलिनला न जुमानण्याचं जनुक ज्या डीएनएच्या तुकड्यावर आहे, त्याच तुकड्यावर.

म्हणजे एकाच जुडग्यात दोन किल्ल्या. जस्ताने भरलेल्या गोठ्यात ज्याच्याकडे जस्ताची किल्ली आहे तोच जीवाणू टिकतो, आणि त्याच्याबरोबर प्रतिजैविकाची किल्लीही आपोआप टिकते. त्या गोठ्यात प्रतिजैविक कुणी वापरलेलं नसलं तरी! जर्मनीतल्या एका प्रयोगातही भरपूर जस्त खाणाऱ्या पिल्लांमध्ये अनेक औषधांना न जुमानणारे ई. कोलाय जास्त आढळले. मला विचाराल तर या पाठातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि यावर एक अख्खी तासिका खर्च करायला हरकत नाही. "प्रतिजैविकांच्या गैरवापराने प्रतिरोध वाढतो" एवढंच आपण शिकवतो. प्रतिजैविक नसलेल्या गोष्टीनेही तो वाढू शकतो, हे आपल्या शिकवण्यात राहूनच जातं.

युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये सगळं तोलून पाहिलं आणि फायद्यापेक्षा पर्यावरणाचा धोका मोठा असं ठरवलं. २६ जून २०१७ ला युरोपीय आयोगाने निर्णय दिला आणि शेतकऱ्यांना पाच वर्षांची सवड दिली. २६ जून २०२२ नंतर औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड बंद. पोषणासाठी मात्र पिल्लांच्या खुराकात जस्त आजही चालतं, मर्यादा १५० पीपीएम. "युरोपात जस्तावर बंदी" हे वाक्य इथेच गडगडतं. बंदी जस्तावर नव्हती, पंचवीस पट मात्रेवर होती.

पिल्लांचं मग काय झालं?

डेन्मार्कने असा निर्णय आधीही एकदा पचवला होता. वाढ लवकर व्हावी म्हणून खुराकात रोज थोडं प्रतिजैविक घालण्याची पद्धत त्यांनी १९९९ च्या अखेरपर्यंत मोडीत काढली, युरोपीय संघाने २००६ मध्ये. तेव्हाही दूध तुटलेल्या पिल्लांची हगवण वाढली होती आणि झिंक ऑक्साइडवरची भिस्त त्यातूनच वाढली. एक काठी काढून घेतली की माणूस दुसरी शोधतो.

२०२२ नंतर निओमायसिन या प्रतिजैविकाचा पिल्लांमधला वापर डेन्मार्कमध्ये वाढला. हे लपवून पाठ शिकवू नये. प्रतिरोध कमी व्हावा म्हणून जस्त थांबवलं आणि त्याच्या जागी प्रतिजैविक आलं, हा निर्णयाचा खरा, अवघड भाग आहे. कोलिस्टिनकडे वळणं तर आणखी धोक्याचं. माणसांसाठीचं ते शेवटच्या फळीतलं औषध, आणि त्याला न जुमानणारं एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. जनावरांत कोलिस्टिन वापरायला भारताने २०१९ मध्ये बंदी घातली.

दुसऱ्या बाजूने उपाय शोधणारेही आहेत, आणि त्यातले बहुतेक उपाय म्हणजे दूध तुटण्याचा धक्का मऊ करणं. दूध आणखी काही दिवस सुरू ठेवायचं. आई जवळ असतानाच खुराकाची चव लावायची, म्हणजे नंतर उपास घडत नाही. सुरुवातीच्या खुराकात प्रथिनं कमी आणि पचायला हलकी ठेवायची. थोडं सेंद्रिय आम्ल मिसळून जठराचा आंबटपणा राखायचा. खण कोरडे, उबदार, स्वच्छ. ई. कोलायविरुद्ध तोंडावाटे द्यायची लस आहे. आणि काही डुकरांच्या आतड्यावर एफ४ धाग्यांना चिकटायला जागाच नसते, अशी वाण निवडून वाढवता येतात. यातलं एकही एकटं २५०० पीपीएम जस्ताची बरोबरी करत नाही. दोन-चार मिळून करावं लागतं, आणि त्यात मेहनत आणि पैसा जातो.

आता आपल्या घरातली गोळी

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये मुलांच्या जुलाबासाठी ओआरएसबरोबर जस्त देण्याची शिफारस केली. आपल्याकडे सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच्या निम्मं, असं चौदा दिवस देतात. गोळी स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते.

ही मात्रा पिल्लाच्या मात्रेशेजारी मांडा. दहा किलोच्या मुलाला २० मिलीग्रॅम, म्हणजे वजनाच्या दर किलोला २. सात किलोचं पिल्लू २५०० पीपीएमचा २०० ग्रॅम खुराक खातं तेव्हा त्याला ५०० मिलीग्रॅम मिळतं, म्हणजे दर किलोला ७१. पस्तीस पटींचा फरक! पिल्लाच्या बाबतीत युरोपाने जे थांबवलं आणि आशाताई जे देतात, त्यात नाव तेवढं सारखं आहे. जुलाबात शरीरातून जस्त निघून जातं, ते भरून काढायला ही गोळी आहे. म्हणून दोन दिवसांत जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, आणि रोज नेमून दिलेलीच मात्रा, दुप्पट नाही. जास्त जस्त फार दिवस पोटात गेलं तर ते तांब्याचं शोषण अडवतं आणि रक्तक्षय होऊ शकतो. कोविडच्या काळात कित्येक घरांत मोठ्यांनी महिनोन्‌महिने झिंकच्या गोळ्या घेतल्या, त्यांनाही हे लागू आहे. आणि बाळाला रक्ताचे जुलाब असतील, ते सुस्त पडलं असेल किंवा पाणी पीत नसेल तर गोळीची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

वर्गासाठी शेवटचं काम म्हणून मी चर्चा सुचवेन. चार गट करा : डॅनिश शेतकरी, पशुवैद्य, गोठ्याच्या खालच्या अंगाला राहणारा गावकरी आणि रुग्णालयातला डॉक्टर. प्रश्न एकच, २०१७ मध्ये तुम्ही मत कशाला दिलं असतं? आणि निओमायसिनची माहिती सुरुवातीला देऊ नका. मतदान झाल्यावर सांगा, आणि पुन्हा मतदान घ्या.